कुऱ्हाडीचा नवा दांडा: जाडी नंतर पाहा, आधी रेषा आणि ओल

दांडा मोडला की पहिला विचार येतो, 'या खेपेला चांगला जाडजूड घेऊ.' नेमकी तिथंच चूक होते. जाड दांडा हातात कंप पोचवतो, मूठ आवळून धरावी लागते, अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि फटका हुकायला लागतो. हुकलेला फटका पात्याऐवजी दांड्यावर बसतो आणि तो जाडजूड दांडाही डोक्याखाली तुटतो. दांड्याची ताकद जाडीत थोडी असते. खरी ताकद असते ती लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या धाग्यांची दिशा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेली आहे का, यात. आणि डोकं पक्कं बसून राहतं ते पाचरीच्या जोरावर कमी, लाकडाच्या कोरडेपणावर जास्त. या दोन गोष्टी बाजारात उभ्या उभ्या कशा ओळखायच्या, हे समजलं की बाकीचं काम सुताराचं आहे आणि ते कुणालाही जमतं.

मोडलेला दांडा आधी वाचा

जुना दांडा चुलीत घालण्यापूर्वी त्याची मोड नीट बघा. काय चुकलं ते तिथं लिहिलेलं असतं.

मोडीवर लांब लांब कुसळं निघाली असतील, फोडलेल्या उसासारखा चोथा दिसत असेल, तर लाकूड चांगलं होतं. एक तर फटका हुकला असेल, नाहीतर कुऱ्हाड ओंडक्यात अडकल्यावर दांडा आडवा हिसकला असेल. तेच लाकूड परत घ्यायला हरकत नाही.

मोड तिरकी, गुळगुळीत, कलमाला छाटल्यासारखी असेल, तर रेषा दांड्याच्या अंगाबाहेर पळाली होती. लाकूड कोणतंही असो, असा दांडा कधी ना कधी जाणारच होता.

मोड गाजरासारखी आखूड, 'कट्' झालेली असेल, कुसळ एकही नसेल, तर लाकूड ठिसूळ होतं. कुजलेलं, आतून पोखरलेलं, किंवा मुळातच धक्का न सोसणाऱ्या जातीचं.

आणि दांडा मोडलाच नाही, नुसतं डोकं सुटलं असेल, तर नेढ्यात, म्हणजे डोक्याच्या भोकात, बसलेला भाग पाहा. तो काळा, चकचकीत, घोटल्यासारखा दिसतो. लाकूड आकसलं आणि डोकं त्यावर महिनोन् महिने सरकत होतं, याची ती खूण. नेढ्यातल्या भागात खिळे ठोकलेले सापडले तर आश्चर्य नको. सैल डोक्यावर सगळीकडे तोच उपाय चालतो, आणि पुढची चीर बहुतेक वेळा त्याच खिळ्याच्या भोकातून निघते.

नेढं मोजल्याशिवाय बाजारात जाऊ नका

दांड्यांच्या दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. म्हणून आधी नेढ्याची दोन्ही तोंडं मोजा, वरचं आणि मुठीकडचं. कागद नेढ्यावर ठेवून कडेनं पेन्सिल घासली की आकार उमटतो. दोन्ही बाजूंचे ठसे घ्या आणि एकमेकांवर ठेवून उजेडात धरा.

वरचं तोंड मोठं आणि खालचं लहान असेल, तर दांडा खालून घालायचा आणि वरून पाचर मारून फुगवायचा. हा पाचरीचा दांडा. उलट, दांडा वरून ओवायचा असेल, म्हणजे बारीक मूठ आधी नेढ्यातून जाते आणि जाड माथा वर येऊन अडतो, तर तो टिकावाच्या दांड्यासारखा ओवायचा दांडा. त्याला पाचर लागत नाही. फटका मारताना डोकं बाहेर फेकलं जातं ते दांड्याच्या जाड टोकाकडे, त्यामुळे ते आपोआप आवळत जातं. पण यासाठी दांड्याचं वरचं टोक नेढ्यापेक्षा निदान ३ सूत (सुमारे ९ मिमी) जाड हवं. दुकानातला सगळीकडे सारख्या जाडीचा दांडा इथं निकामी. तो मुठीकडून घातला की सरळ वरून बाहेर निघून जातो.

लोहारानं हातानं घडवलेल्या नेढ्यात तिसरा प्रकारही भेटतो. दोन्ही तोंडं मोठी आणि मध्ये चिमटा, किंवा पट्टी दुमडून जिथं जोड मारला तिथं आत एक उंचवटा. बोट फिरवून पाहा. तो उंचवटा राहिला तर दांडा तेवढ्याच एका ठिकाणी टेकतो, बाकी पोकळ, आणि आठवड्यात सैल होतो. अर्धगोल कानशीनं तो आधी साफ करा. नेढ्याची धार खालच्या तोंडाला जिथं दांड्यात रुतते तिथंही कानशीचे चार हात फिरवा. तिथं दांड्याला काप पडतो आणि दांडा मोडतोही बरोबर तिथंच.

खिशात तीन मापं घेऊन निघा: खालच्या तोंडाची लांबी-रुंदी, वरच्या तोंडाची लांबी-रुंदी आणि नेढ्याची खोली. सुताराच्या भाषेत सूत सोपं पडतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, साधारण ३ मिमी.

कोणतं लाकूड

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण गोतातली सगळीच झाडं त्या कामाच्या लायकीची नसतात. कुऱ्हाडीला नुसतं कठीण लाकूड चालत नाही, चिवट लागतं. कठीण म्हणजे नख न रुतणारं. चिवट म्हणजे धक्का पोटात घेऊन परत सरळ होणारं.

धावडा हा यातला राजा. बैलगाडीचा लाकडी आस धावड्याचा करत ते यासाठीच. लाकूड फिकट, राखाडी-पिवळसर, जड, आणि फोडायला घेतलं तर पाचरीला दाद देत नाही. दोष एकच. वाळताना घाई केली तर चिरतो. म्हणून धावड्याचा दांडा घेताना दोन्ही टोकांच्या भेगा बारकाईनं पाहा.

धामण हलकी आणि लवचीक असते. लांब दांड्याला, दिवसभर फांद्या छाटायच्या कुऱ्हाडीला, ती धावड्याहून बरी, कारण हाताला झणका कमी पोचतो. जाड ओंडके फोडायला मात्र धावडाच. तिवसही चिवट, चाकांना वापरायचे.

पण तिवस, खैर, अंजन ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. बांधावरचं स्वतःचं झाड असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वखारीतून रीतसर तुकडा घ्या.

बाजारात सर्वांत जास्त मिळते ती बाभूळ, आणि नीट निवडली तर ती उत्तम आहे. बाभळीत दोन रंग दिसतात. आतला तांबूस गाभा आणि बाहेरचा पांढरट-पिवळा भाग. ताकदीत फार फरक नाही, पण पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि त्यावर भुंगेरे तुटून पडतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि दांडा आपटल्यावर पिठासारखा भुसा पडला, की तो दांडा तिथंच ठेवून द्या. तेल लावून, रॉकेल चोळून तो सुधारत नाही. आतल्या पोखरणीचा अंदाज बाहेरून येत नसतो. जुने लोक बाभळीचे ओंडके काही आठवडे तळ्यात बुडवून ठेवत त्यामागे हाच हिशेब होता. पिष्ट धुऊन निघतं आणि किडीला खायला उरत नाही. बोर आणि हिवरही चालतात, पण त्यात दोन-अडीच फूट सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणं कठीण.

साग नको. सागाचं दार शंभर वर्षं टिकतं म्हणून दांडाही टिकेल असं वाटतं, पण साग वाळवी आणि पाण्यापुढे टिकतो, धक्क्यापुढे नाही. निलगिरीची रेषा बहुधा पिळवटलेली असते. सुबाभूळ हलकी, लहान हातकुऱ्हाडीपुरती ठीक. भरीव बांबू टिकावाला, कोयतीला छान. कुऱ्हाडीच्या नेढ्यात त्याला पाचर मारली की तो उभा फाटतो.

ऑनलाइन हिकरीचे दांडेही मिळतात. उत्तर अमेरिकेतलं हे लाकूड दांड्यासाठी खरोखर उत्कृष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते दांडे तिकडच्या लांबोळक्या, चपट्या नेढ्यासाठी कापलेले असतात. आपल्याकडचं नेढं बहुतेक गोलसर किंवा थेंबाच्या आकाराचं. तासून तासून बसवलं तर दोन्ही बाजूंना फट राहते. मापं जुळली तरच घ्या.

रेषा: इथं घाई करू नका

दांडा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरा आणि हळूहळू फिरवा. आधी सरळपणा पाहा. दोन फुटांत १ सुतापेक्षा जास्त पोट नको. बाजूला वाकलेला तर मुळीच नको. धारेच्या दिशेनं किंचित बाक असेल तर चालतो.

मग रेषा. धावडा-बाभळीसारख्या आपल्या लाकडांत वर्षागणिक वलयं हिकरी-सागासारखी ठळक नसतात, म्हणून 'टोकावरची वलयं पात्याला समांतर हवीत' या प्रसिद्ध नियमाचा आपल्याला थोडाच उपयोग होतो. दिसली आणि समांतर असली तर उत्तम. दिसली नाहीत तर अंगावरच्या रेषांकडे वळा. लाकडाच्या अंगावर केसासारख्या बारीक, गडद रेघा असतात. ती लाकडाची छिद्रं, उभी चिरलेली. त्या धाग्याच्या दिशेनंच धावतात. एक रेघ निवडा आणि तिच्यावर बोट ठेवून सरकत जा. ती मुठीपासून डोक्यापर्यंत अंगावरच राहिली तर दांडा सोनं. वाटेतच कडेवरून बाहेर पडली तर ती किती लांबीत पडली ते मोजा.

दांड्याची रुंदी दीड इंच धरा. मुठीजवळ एका कडेला सुरू झालेली रेघ समोरच्या कडेला ३० इंचांनी पोचली, तर उतार २० इंचाला १ इंच. १५ इंचांत पोचली तर १० ला १. साडेसात इंचांत, तर ५ ला १. धक्का सोसण्याची ताकद २० ला १ उतारावर सुमारे ९० टक्के उरते, १० ला १ वर ६२ टक्के, आणि ५ ला १ वर जेमतेम ३६ टक्के. सावकाश वाकवताना हे नुकसान इतकं जाणवत नाही. १० ला १ वर त्या प्रकारची ताकद ८० टक्के तरी शिल्लक असते. म्हणूनच दुकानदार दांडा गुडघ्यावर वाकवून 'बघा, किती मजबूत' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त चुकीची परीक्षा दाखवत असतो. कुऱ्हाडीचं सगळं काम धक्क्याचं.

मोठ्या कुऱ्हाडीला २० ला १ पेक्षा तीव्र उतार घेऊ नका, हातकुऱ्हाडीला १५ ला १ पर्यंत चालवून घ्या. आणि ही परीक्षा चारी बाजूंनी करा. रुंद बाजूवर रेघा सरळ दिसतात आणि अरुंद पाठीवर त्याच पळालेल्या असतात, असं नेहमी होतं.

रेघा दिसतच नसतील तर खिशातलं शाईचं पेन काढा. कोऱ्या, तेल न लावलेल्या लाकडावर शाईचा एक थेंब ठेवा. शाई आडवी पसरत नाही, धाग्यातून ओढली जाते आणि तिची बारीक शेपटी निघते. शेपटी जिकडे, रेषा तिकडे. दांड्यावर लाल-काळा रंग किंवा जाड व्हार्निश असेल तर ही परीक्षा होत नाही, आणि रंग बहुधा त्यासाठीच असतो. रंगवलेला दांडा घेऊच नका.

दांडा कशातून काढला हेही विचारा. फळीतून करवतीनं कापून लेथवर खराडलेल्या दांड्यात करवत सरळ जाते, रेषा मात्र तिच्या मनाला येईल तिकडे. ओंडका पाचरीनं फोडून, वाकसानं तासून केलेला दांडा दिसायला ओबडधोबड, पण फोड आपोआप रेषेनंच जाते. दोन्ही एकाच भावात असतील तर ओबडधोबड उचला. अख्ख्या फांदीचा दांडा हा मधला मार्ग. त्यात रेषा तुटलेली नसते, पण मधोमध काळपट गाभ्याचा ठिपका असतो आणि वाळताना त्या ठिपक्यापासून बाहेर चीर निघते. हातकुऱ्हाडीला चालेल. मोठ्या कुऱ्हाडीला पाच-सहा इंची ओंडक्याचा चौथा भाग फोडून केलेला दांडाच घ्या. त्यात तो ठिपका येतच नाही.

गाठी: वरच्या एक तृतीयांश भागात एकही नको, टाचणीएवढीसुद्धा. मुठीच्या टोकाला छोटी, घट्ट गाठ असली तर काही बिघडत नाही.

ओल

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, कापून कितीही वर्षं झाली तरी. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पडवीत ठेवलेलं वाळकं लाकूडही १७-१८ टक्के ओल धरतं. विदर्भात मे महिन्यात तेच ६-७ टक्क्यांवर येतं. कठीण लाकडाची रुंदी ओलीच्या दर टक्क्याला ०.२ ते ०.३ टक्के बदलते. नेढ्यातला दीड इंची भाग पावसाळ्यात बसवला आणि उन्हाळ्यात दहा टक्क्यांनी वाळला, तर एक मिमीच्या आसपास फट पडली. डोकं उडायला ती पुरेशी आहे.

म्हणून दांडा बसवायचा तो मार्च ते मेमध्ये, लाकूड सर्वांत सुकं असताना. नंतर पावसात ते फुगतं तेव्हा आणखी घट्ट होतं. पावसाळ्यातच मोडला आणि थांबणं शक्य नाही, तर नेढ्यात जाणारा भाग चुलीच्या वरच्या फळीवर किंवा पत्र्याच्या छपराखाली आठवडाभर ठेवा. थेट उन्हात किंवा विस्तवाजवळ नको, चिरेल.

दुकानात ओल ओळखायला यंत्र लागत नाही. दांडा दोन बोटांत वरच्या टोकाला लोंबता धरा आणि दुसऱ्या दांड्यानं हलकेच टोका. सुका दांडा खणखणतो, ओला 'थप्' करतो, आतून चिरलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो. टोक गालाला लावा. ओलं लाकूड गार लागतं. घरी आणल्यावर खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि वजन दांड्यावरच पेन्सिलीनं लिहा. आठवड्यानं पुन्हा. ९०० ग्रॅमचा दांडा दोन आठवड्यांत ८५० वर आला, तर तो ओला होता, अजून थांबा. सलग दोन आठवडे वजन हललं नाही की तो तुमच्या गावच्या हवेशी जुळला.

स्वतः कापलेल्या ओल्या लाकडाचा दांडा करायचा तर लगेच फोडा. अखंड ओंडका ठेवलात तर तो मनाला येईल तिथं चिरतो. फोडलेले तुकडे दोन-दोन इंच जाडीचे ठेवा, कापलेल्या टोकांना शेण किंवा मेण लिंपा, कारण ओल टोकांतूनच सर्वांत वेगानं पळते, आणि सावलीत, जमिनीपासून उंच, मधे वारा खेळेल असे रचा. निदान सहा-आठ महिने. आज कापलं, उद्या बसवलं असा दांडा पंधरा दिवसांत नेढ्यात खुळखुळतो.

इथंच ती बादलीची गोष्ट. डोकं सैल झालं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, ही रीत घरोघर आहे. सकाळी डोकं दगडासारखं घट्ट होतं, हे खरं. पण लाकूड फुगताना त्याला चहूबाजूंनी लोखंड अडवतं. बाहेर जागा नाही म्हणून धागे आतच चिरडतात. पाणी सुकलं की लाकूड आकसतं, आणि चिरडलेले धागे परत उभे राहत नाहीत. म्हणजे प्रत्येक बुडीनंतर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. चार-पाच बुड्यांत तो दुरुस्तीपलीकडे जातो, शिवाय नेढं आतून गंजतं.

लांबी आणि जाडी

अर्धा-पाऊण किलोच्या हातकुऱ्हाडीला १४ ते १६ इंच. एक-सव्वा किलोला २४ ते २८. दीड-पावणेदोन किलोला २८ ते ३२, आणि दोन किलोच्या वर ३२ ते ३६ इंच. आखूड उंचीच्या माणसानं खालचा आकडा धरावा.

आडवा छेद लंबगोल हवा, ११ सूत × ७ सूत. हातकुऱ्हाडीला १० × ६. लेथवरचा गोल दांडा हातात फिरतो आणि धार कुठे बघतेय ते मुठीला कळत नाही. गोलच मिळाला तर दोन्ही बाजूंनी तासून चपटा करा. मुठीच्या टोकाला छोटा फुगार ठेवा, घामेजल्या हातातून कुऱ्हाड सटकत नाही. दुकानातून घेताना दांडा हवा त्यापेक्षा दोन इंच लांब घ्या, बसवताना एखादी चूक कापून टाकता येते.

जुना काढणं आणि नवा बसवणं

जुना तुकडा नेढ्यातून जाळून काढू नका. विस्तवात डोकं टाकलं की धारेचं पाणी उतरतं, आणि लोखंडावर निळा रंग दिसला की समजा धार मऊ झाली. डोक्याला लागून दांडा करवतीनं कापा, उरलेल्या लाकडात ड्रिलनं पाच-सहा भोकं पाडा, आणि जाड सळईनं मोठ्या तोंडाकडे ठोकून बाहेर काढा. लोखंडावर लोखंड मारताना डोळ्यांवर चष्मा हवा.

पाचरीचा दांडा बसवायची रीत अशी:

१. खालच्या तोंडाचा कागदी ठसा दांड्याच्या टोकावर चिकटवा आणि रेघेच्या अर्धा सूत बाहेर तासत या. तासणी, रंधा, मग खरबरीत लाकूडकानस. मध्येच 'बसेल आता' म्हणून जास्त काढू नका. काढलेलं परत लावता येत नाही.

२. नेढ्याच्या आत दिव्याची काजळी किंवा कोळशाची पूड चोळा. डोकं हलकेच चढवा, ठोका, काढा. जिथं काळं लागलं तेवढंच खरवडा. दहा-बारा वेळा हे करावं लागतं. काळं सर्व बाजूंनी सारखं उमटू लागलं की माप जमलं. बहुतेक सैल कुऱ्हाडी या पायरीवर केलेल्या आळसाच्या असतात.

३. टोकावर मधोमध, नेढ्याच्या लांबीच्या दिशेनं, करवतीचा एक काप घ्या. खोली नेढ्याच्या दोन तृतीयांश. नेढं अडीच इंच म्हणजे २० सूत खोल असेल तर काप १३ सूत. आखूड काप घेतला तर पाचर खाली फुगवत नाही, डोकं वरच्याच ओठावर लटकतं. जास्त घेतला तर चीर डोक्याखाली उतरते.

४. आता चढवणं. कुऱ्हाड उलटी धरा, डोकं खाली, हवेत लोंबतं. जमिनीला टेकवू नका. मुठीच्या टोकावर लाकडी मोगरीनं जोरात ठोका. दांडा खाली जातो, जड डोकं जागेवर थांबतं, म्हणजे ते दांड्यावर चढत जातं. डोक्यावर हातोडा घालण्याची गरजच नाही. आवाज बदलतो: आधी 'ठक ठक', घट्ट झालं की 'टण'. त्यानंतर तीन ठोके आणि बस. दांड्याचं टोक डोक्याच्या वर २-३ सूत निघालेलं हवं.

५. पाचर सुक्या, सरळ रेषेच्या लाकडाची. आंबा किंवा दांड्याचंच लाकूड. सागात तेल असतं म्हणून आणि बांबूची पाठ गुळगुळीत म्हणून, या दोन्हीच्या पाचरी हळूहळू वर सरकतात. पातळ टोक पोस्टकार्डाएवढं, जाड टोक अडीच सूत, रुंदी नेढ्याच्या लांबीएवढी. पाचर फार उतरती केली तर ठोकताना उसळून बाहेर येते, फार पातळ केली तर तळाला टेकते आणि काहीच फुगवत नाही. सरळ, न चुकता ठोका. दोन्ही बाजूंची फट मिटली आणि पाचर हलेना की थांबा.

६. वर आलेलं लाकूड कापताना २ सूत ठेवा. ते थोडं फुगून वरच्या ओठावर पसरतं आणि डोक्याला कुलूप लावतं. अगदी सपाट कापलेला दांडा दिसतो सुबक, पण ते कुलूप जातं. लोखंडी पाचर मात्र शेवटचा उपाय. ती लाकडाच्या पाचरीला तिरकी मारतात, आणि मारली की लाकूड चिरत जातं. नव्या दांड्याला तिची गरज पडली, तर दुसरी पायरी नीट झाली नाही असं समजा.

ओवायच्या दांड्याला काप आणि पाचर दोन्ही नाहीत. काजळीची पायरी तीच, फक्त जाड टोकाकडून. डोक्याच्या वर एक इंच लाकूड राहू द्या.

बसवल्यावर दोन तपासण्या. मुठीकडून डोळा लावून पाहा. धारेची रेघ दांड्याच्या मध्यातून जायला हवी, १ सुताहून जास्त कलली तर फटका तिरका बसेल. मग कुऱ्हाड सपाट फरशीवर धार आणि मूठ टेकवून ठेवा. धार मधोमध किंवा किंचित मुठीच्या बाजूनं टेकावी. नुसतं पुढचं टोक टेकत असेल तर डोकं मुठीकडे झुकलंय, काढून पुन्हा बसवा. पाचर मारण्याआधी ही तपासणी केली तर एक पाचर वाचते.

तेल, आणि पहिला महिना

दांड्यावर व्हार्निश असेल तर काचेच्या तुकड्याच्या धारेनं खरवडून काढा. व्हार्निशवर घाम जमतो आणि हाताला फोड येतात. त्याऐवजी जवसाचं तेल. घाण्याचं कच्चं चालतं, पण सुकायला आठवडे लावतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल बेलतेल म्हणून मिळतं, ते लवकर सुकतं. पातळ हात, अर्ध्या तासानं फडक्यानं पुसून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. असे तीन-चार. डोक्याच्या वर निघालेल्या टोकाला दुप्पट पाजा, ओल सर्वांत जास्त तिथून शिरते. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

नव्यानं फोडकाम शिकणारं कुणी घरात असेल तर डोक्याखालच्या चार इंचांवर सायकलच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळा. हुकलेले फटके तो झेलतो. पावसाळ्यात मात्र काढून ठेवा, खाली पाणी धरून दांडा कुजवतो.

पहिल्या महिन्यात दर वापराआधी डोकं हातानं हलवून पाहा आणि पाचर कापल्याच्या रेघेपेक्षा वर आली आहे का बघा. थोडी वर आली तर कुऱ्हाड पुन्हा उलटी धरून मोगरीचे चार ठोके आणि पाचरीवर दोन. पावसाळ्यात बसवलेल्या दांड्याला हे होळीच्या सुमारास एकदा करावंच लागतं. पाचर खोल गेली आणि तरी डोकं हलतंय, तर तिच्यावर दुसरी मारू नका. पहिली ड्रिलनं काढा आणि तिच्यापेक्षा एक सूत जास्त जाड अशी नवी घाला.